सात फेऱ्यांची कबुली

आमच्या ह्यांना, म्हणजे भीमरावांना, दोन गोष्टींचा मनापासून राग. ट्रेनमध्ये फोनवर मोठ्यानं बोलणाऱ्यांचा आणि होमहवनाचा. पहिल्या रागापायी ते ट्रेनमध्ये पाय ठेवताच स्वतःचाही फोन बंद करून टाकतात. दुसऱ्या रागापायी आमच्या स्नेहलचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं. हे दोन राग एकाच रविवारी एकत्र येतील आणि माझ्या पोरीचा जीव त्यांच्या मधोमध सापडेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आधी लग्नाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. जावई प्रणय मँचेस्टरमध्ये जन्मलेला, तिथंच शाळेत गणित शिकवतो. पोरगा सोन्यासारखा, पण त्याची आई आशाताई देवभोळी. त्यांचं म्हणणं, बाकी सगळं तुमच्या पद्धतीनं करा, पण होमाभोवती निदान एक फेरा तरी होऊ दे. ह्यांनी फोनवरच सांगितलं, "ताई, आमच्याकडच्या लग्नात आग पेटते ती फक्त स्वयंपाकघरात." स्नेहल तर बापाच्या वरताण. तिनं प्रणयला सांगितलं, होम हवा असेल तर नवरी दुसरी शोध. शेवटी लंडनला हॅरोच्या हॉलमध्ये लग्न झालं. पांढरी साडी, समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, हार, झालं. आशाताईंचे पाय दुखायच्या आत सगळे जेवायला बसले होते, आणि ते मात्र त्यांना फार आवडलं. त्या लग्नाचा मोठा फोटो आमच्या पिनरच्या घरात सोफ्याच्या वर होता. आल्यागेल्याला ह्यांच्याकडून त्याची माहिती ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे.

स्नेहल जमिनीखालच्या पाण्यावर संशोधन करते. कुठल्या गावात किती खोल पाणी आहे, ते पिण्यासारखं आहे का, एवढंच. त्यासाठी ती त्या देशात गेली. त्या देशाचं नाव मी अजून घेत नाही, तोंड कडू होतं. तिथं नुकतीच क्रांती झाली होती, आणि क्रांती झाली की दर चौथा माणूस हेर दिसायला लागतो. स्नेहलबरोबर काम करणारी तिथलीच एक बाई होती, दोन लहान मुलांची आई. क्रांतिकारी मंडळाला खरं तर हवी होती ती. तिला गावकरी मानत, आणि ती मंडळाविरुद्ध बोलत असे. ती लपली. मग पोलिसांनी हॉटेलमधून स्नेहलला उचललं. उचलण्याआधी तिनं प्रणयला एवढंच कळवलं होतं, "ते तिला शोधताहेत. मला विचारतील. मी सांगणार नाही."

त्यानंतर उन्हाळा सरला, पानं पिवळी झाली, तरी पोरीचा आवाज नाही. सरकारी बाई फोनवर म्हणायची, वी आर डूइंग एव्हरीथिंग. आमची वकील वरदा म्हणायची, धीर धरा. धीर काय दुकानात मिळतो? मी फार्मसिस्ट आहे, माझ्या दुकानात सगळ्यावर गोळ्या आहेत, ह्यावर नाही.

आणि एका शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ आला. त्या देशाच्या टीव्हीवर दाखवलेला, कुणीतरी आम्हाला पाठवलेला. ह्यांच्या हातात कांदा होता, तो तसाच राहिला.

माझी पोर खुर्चीत बसली होती. डोक्याला रुमाल, गाल बसलेले, मागे प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. ती इंग्रजीत बोलत होती, एका सुरात, वाचून दाखवल्यासारखं. मी हेर आहे, म्हणाली. माझ्या लग्नात मला या कामात ओढलं गेलं. होमाभोवती सातवा फेरा घेताना लग्न लावणाऱ्या पुरोहितानं माझ्या कानात कामगिरी सांगितली. तोच माझा वरिष्ठ, सगळे हुकूम त्याचेच, आणि गेल्या हिवाळ्यात तो वारला. तुमच्या देशातल्या कुणीही मला मदत केली नाही. नवऱ्याशी लग्न मी त्या पुरोहिताच्या सांगण्यावरून केलं, निव्वळ आडोसा म्हणून. माझं त्याच्यावर कधीच प्रेम नव्हतं. क्रांतिकारी मंडळानं मला क्षमा करावी.

मला फक्त तिचे गाल दिसत होते. मी रडायला लागले. हे मात्र उठून उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"होम? माझ्या पोरीच्या लग्नात होम? पुरोहित?"

"अहो, ती केवढी वाळलीय ते बघा आधी."

"गिरिजा, तुझ्या लक्षात येत नाहीये. धिस इज प्रूफ. त्या गाढवांनी कुठलातरी सिनेमा बघून स्क्रिप्ट लिहिलंय. इंडियन वेडिंग म्हणजे आग आणि सात फेरे. अरे, आमच्याकडे होमच नसतो. म्हणजे हा कबुलीजबाब खोटा आहे, जबरदस्तीनं घेतलाय, आणि आपल्याकडे त्याचा पुरावा आहे." आणि त्यांनी सोफ्याच्या वरचा फोटो काढून छातीशी धरला.

खरं सांगते, मला तेव्हा ते पटलं. पटलं काय, मी डोळे पुसून टाळी दिली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच आमच्या हातात काहीतरी लागलं होतं. ह्यांनी लगेच एका न्यूज चॅनलला फोन लावला. चॅनलवाल्यांना तर घरबसल्या बातमी मिळाली. उद्या दुपारच्या बातम्यांत लाइव्ह या, म्हणाले, आणि फोटो आणा. प्रणयला फोन केला, तर त्याचा बंद. बिचाऱ्यानं ते शेवटचं वाक्य ऐकलं असणार, असं मला वाटलं.

सकाळी हे कडक इस्त्रीचा कोट घालून, फोटो टॉवेलात गुंडाळून निघाले. मी घरी थांबले. मुलीचा व्हिडिओ पडद्यावर पुन्हा दाखवतील आणि मला तो लोकांसमोर बघवणार नाही, म्हणून. दारातून वळून म्हणाले, "आज त्या लोकांना दाखवतो भीमराव कोण आहे." मी म्हटलं, दाखवा.

ते गेले, मी चहा टाकला, आणि फोन वाजला. प्रणय.

"आई, बाबा कुठे आहे?"

"टीव्हीवर चाललेत. तू ऐक, आपल्याकडे पुरावा—"

"आई, नो. स्टॉप हिम. प्लीज. त्याला थांबव."

त्याचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मँचेस्टरच्या कुठल्याशा ट्रॅम स्टॉपवर उभा होता, मागून घंटा ऐकू येत होती. "मी रात्रभर बघितला तो व्हिडिओ. आधी मला वाटला, ओके, शी नेव्हर लव्ह्ड मी. मग सकाळी मला कळला. आई, होम त्यांनी नाही लिहिला. त्यांना आपला लग्नाचा काय माहीत? त्यांनी विचारला, हू रिक्रूटेड यू? नाव दे. त्यांना तिच्या तोंडून त्या बाईचा नाव पाहिजे होता, त्या बाईला स्पाय ठरवायला. आणि स्नेहलनी त्यांना एक माणूस दिला जो कधी नव्हताच. प्लस ही इज डेड. म्हणजे कोणाला पकडणार?"

मी गॅस बंद केला.

"तो होम खोटा आहे, आई. तिने मुद्दाम टाकला, आपल्याला कळायला. होम खोटा, तर सगळा खोटा. प्रेम नाही, तो पण खोटा." तो रडत होता आणि हसत होता, आणि त्या ट्रॅम स्टॉपवरच्या लोकांना काय वाटत असेल देव जाणे. "मी वरदाला विचारला. ती म्हणते, टीव्हीवर कन्फेशन आला म्हणजे चौकशी ऑलमोस्ट संपते. मग ते लोक बार्गेन करतात, सोडतात. पण जर बाबांनी फोटो दाखवला, तर त्यांना कळणार की तिने त्यांना फसवला. मग ते पुन्हा सुरू करणार. फ्रॉम द बिगिनिंग. खरा नाव दे."

माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. माझी पोर. त्या खुर्चीत बसून, गाल बसलेले असताना, तिनं डोकं चालवलं होतं. तिनं त्यांच्या तोंडावर एक अख्खा पुरोहित फेकला होता आणि त्यांनी तो लिहून घेतला होता. आणि तिचा बाप तिचं ते गुपित टॉवेलात गुंडाळून जगाला दाखवायला निघाला होता.

ह्यांना फोन लावला. बंद. ट्रेनमध्ये होते ना. आयुष्यभर ज्या गुणाचं मी कौतुक केलं त्या गुणाला त्या दिवशी मी पिनर स्टेशनच्या जिन्यावर शिव्या दिल्या. चॅनलला कळवावं, तर वरदानं प्रणयला बजावलं होतं, चॅनलवाल्यांना कारण अजिबात सांगायचं नाही. त्यांना सांगितलं की तीच बातमी. म्हणजे जायचं, गाठायचं, आणि कुणालाही न कळता ह्यांचं तोंड बंद करायचं. ह्यांचं तोंड. मला लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदाही जमलं नव्हतं.

मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी हॅरोपर्यंत बरी आली. वेम्बली पार्क सोडलं आणि फिंचली रोडच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. समोरचा माणूस शांतपणे केळं खात होता. मी उठले, बसले, पुन्हा उठले. त्यानं विचारलं, आर यू ऑल राइट? मी म्हटलं, नो. तो घाबरून केळं घेऊन पलीकडे जाऊन बसला. गाडी हलली तेव्हा मी मोठ्यानं "साधू साधू" म्हणाले.

ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटला उतरून मी धावले. माझ्या वयाच्या बाईनं रस्त्यानं धावू नये असं माझं स्वतःचंच मत आहे. चॅनलच्या इमारतीत काचेचं दार, गणवेशातला माणूस, पास दाखवा. पास नव्हता. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक सापडणार नाही, पण ह्यांच्या इन्सुलिनचं पेन कायम असतं. मी ते त्याच्या नाकासमोर धरलं आणि सांगितलं, माझा नवरा आता तुमच्या स्टुडिओत बसलाय, तो डायबेटिक आहे, हे घरी विसरलाय, आणि तो लाइव्ह कार्यक्रमात खाली पडला तर माझी हरकत नाही, पण तुमची असेल. ह्यांनी सकाळीच इन्सुलिन घेतलं होतं, माझ्या देखत. त्या माणसानं मला स्वतः लिफ्टमध्ये बसवलं.

वर एका खोलीत हे आरशासमोर बसले होते. तोंडाला पावडर, मांडीवर फोटो, टॉवेल बाजूला काढलेला. कोटाच्या कॉलरला माइक लावलेला आणि एक मुलगी त्याची वायर नीट करत होती. त्या माइकवर लाल दिवा होता. मराठीत बोलले तरी ते कुठंतरी जमा होणार, आणि मराठी कळणारी माणसं जगात सगळीकडे आहेत.

"गिरिजा? तू कशाला आलीस?"

एवढ्या धावपळीत काय बोलायचं ते मी ठरवलंच नव्हतं. तोंडात आलं ते बोलले.

"अहो, तुमचं औषध. आणि एक विचारायचं होतं. आपल्या स्नेहलच्या लग्नात होमाचा केवढा धूर झाला होता, आठवतंय ना? तुमचे डोळे चुरचुरत होते."

हे माझ्याकडे बघतच राहिले. पोरीच्या काळजीनं बायकोचं डोकं फिरलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"कसला धूर? काय बोलतेस तू?"

"होमाचा. सातव्या फेऱ्याला तुम्ही रडलात. मला म्हणालात, धुरानं पाणी आलं." मी त्यांचा हात धरला आणि नखं रुतवली. "पोरीनं सांगितलंय ते खरं आहे. पोरीला खोटं पाडू नका. तिनं फार विचार करून सांगितलंय."

टाइम, म्हणाली ती मुलगी. ह्यांना घेऊन गेली. जाताना ते एकदा वळले, पण त्यांना कळलं की नाही ते मला कळलं नाही. मला काचेपलीकडे उभं केलं. तिथून स्टुडिओ दिसत होता आणि वरच्या पडद्यावर ह्यांचा चेहरा. फोटो मांडीवर, आणि मला तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की तो अजून पालथा आहे.

मुलाखत घेणारी बाई चांगली होती, डोळ्यांत माया होती तिच्या. बोलणं इंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत सांगते. तिनं स्नेहलचा व्हिडिओ दाखवला. मी बघितला नाही, मी ह्यांच्याकडे बघत होते. व्हिडिओ चालू असताना ह्यांचे ओठ हलले. सातव्या फेऱ्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"तुमचं म्हणणं आहे की हा कबुलीजबाब खोटा आहे," बाई म्हणाली. "आणि तुमच्याजवळ पुरावा आहे."

हे गप्प. टीव्हीवर गप्प बसलेला माणूस किती वेळ गप्प असतो ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी काचेला हात लावून उभी होते.

"नाही," हे म्हणाले. "माझ्या मुलीनं सांगितलं ते खरं आहे. तिचं लग्न होमाभोवती सात फेरे घेऊन झालं. पुरोहित होते. मीच बोलावले होते."

बाई गडबडली. तिनं समोरच्या कागदाकडे बघितलं. "पण काल तुम्ही आम्हाला सांगितलंत की तुम्ही आंबेडकरी बौद्ध आहात, तुमच्यात होम नसतो. लग्नाचा फोटो दाखवणार होतात."

हे आता कसं निस्तरणार?

ह्यांनी फोटो दोन्ही हातांनी घट्ट धरला, पालथाच. "लग्नं दोन झाली. हा फोटो लोकांसाठी केलेल्या लग्नाचा. पांढरे कपडे, बुद्धमूर्ती, सगळं. आदल्या दिवशी घरात, पडदे लावून, आम्ही होम केला. मी बाहेर एक बोलत आलो आणि घरात दुसरं केलं. माझ्या लोकांना मी फसवलं. काल तुमच्याशीही खोटं बोललो, कारण मला लाज वाटत होती. आज सगळ्यांसमोर कबूल करतो."

तीस-पस्तीस वर्षं हॅरोत जयंतीचं पहिलं भाषण करणारा माझा नवरा. जावयाच्या आईला एक फेरा नाकारणारा. तो सगळ्या देशासमोर बसून, न झालेल्या होमाची कबुली देत होता, एका सुरात, वाचून दाखवल्यासारखं. अगदी पोरीसारखं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हा माणूस खोटं बोलतोय आणि याच्याइतका खरा माणूस मी पाहिला नाही. मी तोंडात पदर कोंबला.

"तो पुरोहित काय करत होता ते मला माहीत नाही," हे पुढं म्हणाले. "मी त्या देशाच्या मंडळापुढं हात जोडतो. माझ्या मुलीनं सगळं सांगितलंय. तिला क्षमा करा. तिला घरी पाठवा." आणि त्यांनी खरोखर हात जोडले. फोटो मांडीवरून घसरायला लागला तसा तो त्यांनी कोपरानं दाबून धरला.

बाहेर आल्यावर रस्त्यावरच ह्यांनी फोन चालू केला आणि तो थांबेचना. नेहमी दारापाशी बंद होणारा फोन त्या दिवशी परतीच्या ट्रेनमध्ये सारखा वाजत राहिला, आणि लोक आमच्याकडे रागानं बघत राहिले. ह्यांनी तो बंद केला नाही. म्हणाले, "प्रणयचा येईल." प्रणयचा आला. तो नुसता "बाबा, बाबा" म्हणत होता.

आमच्या लोकांनी त्या कबुलीवर विश्वास ठेवायला एक दिवससुद्धा घेतला नाही, आणि मला सगळ्यांत जास्त लागलं ते तेच. कुणी म्हणालं, आम्हाला संशय होताच. कुणी म्हणालं, पडदे लावलेले पाहिले होते. आमच्या घराला पडदे आहेत हे खरं आहे. सुहास, आमच्या कमिटीचा सेक्रेटरी, ज्याला लंडनमधली पहिली खोली ह्यांनी शोधून दिली होती, त्यानं घरी येऊन, चहा न घेता, ह्यांना कमिटीचं अध्यक्षपद सोडा म्हणून सांगितलं. ह्यांनी सोडलं. फोटो भिंतीवर परत गेलाच नाही, कपाटामागे गेला. जे लग्न फक्त लोकांसाठी केलं असं टीव्हीवर सांगितलं, त्याचा फोटो भिंतीवर कसा ठेवायचा?

त्या एप्रिलच्या जयंतीला आम्ही मागच्या रांगेत बसलो. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. स्टेजवरून सुहास म्हणाला, काही माणसं दिवसा पंचशील म्हणतात आणि रात्री होम पेटवतात. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी उठलेच होते. माझ्या तोंडून त्याचा असा काही उद्धार झाला असता की जयंती तिथंच आटोपली असती. ह्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. "गप्प बस, गिरिजा. पोरगी अजून आत आहे." आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

जूनमध्ये तिला सोडलं. सरकारांमध्ये काय देवाणघेवाण झाली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. हीथ्रोवर प्रणय आमच्या आधी पोहोचला होता. ती बाहेर आली, केस बारीक कापलेले, अंगात कुणाचा तरी मोठा कोट. प्रणयनं तिला मिठी मारली आणि ती त्याच्या कानात काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा दिसला आणि मला कळलं. मग ती माझ्याकडे आली. पोर एवढी हलकी लागली हाताला. मी रडले, ओरडले, हसले, लोक बघत होते, बघू देत.

घरी येऊन वरणभात खाल्ल्यावर तिनं थोडं सांगितलं. सगळं नाही सांगितलं, आणि मी विचारणार नाही. ती बाई मुलांसकट सीमेपलीकडे पोहोचली होती, हे तिला विमानात कळलं होतं.

"व्हिडिओनंतर त्यांना डाउट आला होता," ती म्हणाली. "कुणीतरी इंटरनेटवर वाचलं की बुद्धिस्ट लोकांत होम नसतो. मग रोज तेच. पुरोहित कुठला? खरं नाव कोणाचं? मला वाटलं, आता माझ्याच्यानं होणार नाही. अजून एखाद दिवस आणि मी तिचं नाव सांगितलं असतं, आई."

प्रणयनं तिचा हात धरला.

"मग काही दिवसांनी तो ऑफिसर लॅपटॉप घेऊन आला. खूश होता. म्हणाला, बघ, तुझ्या बापानंही कबूल केलं. आणि त्यानं बाबांना लावलं. मी तोंड झाकून घेतलं. त्याला वाटलं, मी मोडले. त्यानं फाइल बंद केली, आणि त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही."

हे उठून आत गेले. कपाट सरकवल्याचा आवाज आला. फोटो घेऊन आले, बाहीनं काच पुसली, आणि सोफ्यावर चढून खिळा शोधायला लागले. आमच्याकडे पाठ होती त्यांची. तो फोटो खिळ्यात अडकवायला एवढा वेळ लागत नाही.

स्नेहल खालून बघत होती. तिनं विचारलं, "बाबा, सातव्या फेऱ्याला मी कशी दिसत होते?"

ह्यांनी वळून बघितलं नाही. फोटोची चौकट दोन्ही हातांनी धरून, भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "नीट दिसलं नाही गं. धूर फार होता."